टोपी डोक्यावर गेली की थांबायचं

फाटक दोनशे पावलांवर राहिलं आणि नोएलने गाडी बाजूला घेतली.

"आता काय?" ग्लेनिसने विचारलं.

"टायर बघतो."

"टायर बेरी गावात बघितलेस की सकाळी."

"तेव्हा थंड होते. तू मागे जाऊन मर्लचा केक बघ. त्या शेवटच्या खड्ड्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला."

आवाज वगैरे काही आला नव्हता. पण पेंगिली घराण्यातल्या पुरुषाने टायर बघायचं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवही त्याला अडवू शकत नाही, हे ग्लेनिसला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. ती उतरली, गाडीमागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनचं, त्यांच्या चाकांवरच्या घराचं, दार उघडून आत गेली. केकचा डबा होता तिथेच होता, शांतपणे बसलेला. खिडकीतून तिला नोएल दिसला. टायरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो रुमाल काढून बाहेरचे दोन्ही लांब आरसे पुसत होता, सावकाश, एकेक करून.

घाबरलाय, ती मनात म्हणाली. माझा म्हातारा घाबरलाय.

हॉर्शमच्या त्यांच्या घरापासून नोएलच्या थोरल्या बहिणीच्या, मर्लच्या, लॉक्सटनच्या या फळबागेपर्यंत चार तासांचा रस्ता. तो त्यांनी एकोणीस दिवसांत कापला होता. आधी उलट्या दिशेला एचुकाला, ग्लेनिसच्या बहिणीकडे. मग नदीच्या कडेकडेने स्वान हिल, तिथे नोएलचा जुना दोस्त. मग मिल्ड्युराला नातवाकडे चार दिवस, कारण त्याला नवीन बाळ झालं होतं आणि बाळाला पणजोबाचं नाक होतं. दिवसाला दीडशे किलोमीटर, त्यात दोनदा चहा. संध्याकाळी चार वाजले की खुर्च्या बाहेर, शेजारच्या गाडीतली म्हातारा-म्हातारी आपापला चकणा घेऊन हजर. कोण कुठून आलं, कुठे पाणी चांगलं, कुणाचा गुडघा बदलला. या आयुष्यावर ग्लेनिसचा मनापासून जीव होता. सेहेचाळीस वर्षं चार भिंतींत भांडलेली माणसं या एवढ्याशा डब्यात गुण्यागोविंदाने कशी राहतात, याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

पण या एकोणीस दिवसांत नोएलने एकदाही गाडी रिव्हर्स घेतली नव्हती. प्रत्येक कॅम्पात तो फोनवर विचारायचा, "सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा आहे का?" नसली तर पुढचं गाव. रिव्हर्स घेण्यात ज्याचा हात धरणारा सगळ्या नदीकाठात नव्हता, तो माणूस! आणि दुसरं म्हणजे तो चहा ओतताना कपाच्या बाजूला ओतायला लागला होता. थोडासाच. मग म्हणायचा, "गळकी झाली ही किटली." किटली नवी होती.

ती काही बोलली नव्हती. तोही बोलला नव्हता. आणि तिचंही एक गुपित होतंच. गेल्या हिवाळ्यापासून दर बुधवारी, नोएल हिरवळीवर बोल्सचा चेंडूंचा खेळ खेळायला दोस्ताच्या गाडीतून गेला की ती कचरा न्यायची छोटी ट्रेलर गाडीला जोडायची आणि शेजारच्या नॉर्माबरोबर जत्रेच्या रिकाम्या मैदानावर जायची. नॉर्मा विधवा, जिभेची तिखट, पण नवऱ्यामागे एकटीने कॅरॅव्हॅन घेऊन अर्धा देश फिरलेली. तिने बादल्या मांडायच्या आणि ग्लेनिसने त्यांच्यामधून ट्रेलर मागे घ्यायची. पहिल्या महिन्यात सात बादल्या कामी आल्या. एकदा ट्रेलरचा मागचा दिवाही फुटला. ग्लेनिसने त्याला लाल चिकटपट्टी लावली. पुढच्या बुधवारी तिथे नवा दिवा होता. नॉर्माने गुपचूप बदलला असावा, असं समजून ग्लेनिसने तिला जर्दाळूच्या जॅमच्या दोन बाटल्या दिल्या. नॉर्माने कारण न विचारता घेतल्या.

"केक शाबूत," परत येऊन बसत ती म्हणाली. "तू असा का बसलायस आखडून?"

नोएलचे गुडघे पार स्टिअरिंगला टेकले होते. "पाठ," तो म्हणाला आणि फाटकातून आत शिरला.

मर्लचं अंगण म्हणजे लढाईहून परतलेल्या तिच्या आणि नोएलच्या बापाला, हॅरल्ड पेंगिलीला, सरकारने दिलेल्या जमिनीचा मधला तुकडा. एका बाजूला संत्र्याच्या रांगा, दुसऱ्या बाजूला जर्दाळू कापायची जुनी पत्र्याची शेड. ती शेड आणि पाण्याची उंच टाकी यांच्यामध्ये तुतीच्या झाडाखाली जी चिंचोळी जागा होती, ती नोएलच्या कॅरॅव्हॅनची. दर ईस्टरला गाडी तिथे एका दमात लावायची आणि सगळ्या गोतावळ्याने खुर्च्या टाकून ते बघायचं, ही घरची रीत. मर्ल बोटं वर करून दहापैकी गुण द्यायची.

आणि ओरडायचं कुणी नाही. हॅरल्डचे कान तोफांनी नेले होते, त्यात ट्रॅक्टरचा धडधडाट. त्यामुळे या अंगणात टोपी बोलायची. मागे उभं राहणाऱ्याने टोपी उजवीकडे धरली की शेपूट उजवीकडे, डावीकडे धरली की डावीकडे, समोर हलवली की सरळ ये. टोपी डोक्यावर गेली की थांबायचं. बारा वर्षांच्या नोएलला बापाने याच जागी, गंधकाची धुरी दिलेल्या जर्दाळूंचे ट्रे भरलेली ट्रॉली मागे घ्यायला शिकवलं होतं. लग्नानंतर टोपी ग्लेनिसच्या हातात आली. सेहेचाळीस वर्षं ती मागे उभी राहून मन लावून टोपी हलवत होती आणि नोएल आपल्याच तंद्रीत गाडी लावत होता. आपल्या टोपीकडे हा बाबा बघत नाही, अशी तिची पक्की खात्री होती.

मागच्या ईस्टरला मात्र टोपी डोक्यावर गेली तरी गाडी थांबली नाही. टाकीचा पाय वाकला, टाकी कलली आणि वर्षभराचं पाणी मर्लच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून वाहत गेलं. कोंबड्या वाचल्या. नोएलची अब्रू वाचली नाही.

"आले, आले! एकोणीस दिवस!" मर्ल काठी टेकत पायऱ्या उतरली. आज तिला ऐंशी पुरी झाली होती. "अरे, मी ऐंशीची व्हायची वाट बघत होतात की नव्वदीची?"

"नव्वदीला येतो म्हणालो असतो, पण तू असशील याची काय खात्री?" म्हणत नोएलने तिला मिठी मारली.

"मी तुला पुरून उरेन. कोंबड्या अजून तुझं नाव काढतात."

मागोमाग जनीन आली. जनीन म्हणजे नोएल-ग्लेनिसची थोरली. माउंट गॅम्बियरला शाळेत मुख्याध्यापिका, आणि घरी आली तरी मुख्याध्यापिकाच. तिने आईला जवळ घेतलं, बापाच्या गालाला गाल लावला आणि त्याच्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "डॅड, ठरलेलं लक्षात आहे ना?"

"आहे गं बाई. बसू तर दे."

ठरलेलं सगळ्यांच्याच लक्षात होतं. नाताळच्या जेवणावर नोएलने स्वतः हात पुढे करून कबूल केलं होतं: या ईस्टरला गाडी एका दमात लागली तर कुणी चकार शब्द काढायचा नाही. नाही लागली तर कॅरॅव्हॅन विकायची. घेणाराही घरचाच होता. मर्लचा मुलगा ट्रेवर तुतीच्या झाडाखाली उभा राहून कॅरॅव्हॅनकडे अशा नजरेने बघत होता, जशी माणसं लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे बघतात. त्याच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती.

"अंकल नोएल, दारावरची सावलीची चांदणी किती फुटी आहे रे हिची?" त्याने विचारलं.

"अजून मेलो नाहीये मी, ट्रेवर."

"नाही रे, सहज."

"सहज मोजपट्टी घेऊन कोण फिरतं? शिंपी?"

सगळे हसले. रीतीप्रमाणे आधी चहा, मग गाडी. ग्लेनिस केक घेऊन स्वयंपाकघरात गेली, तशी जनीन तिच्या मागोमाग आत आली आणि तिने दार लोटलं.

"मम, खरं सांग. मिल्ड्युराहून फोन आला होता मला. डॅडने बाळाला घेताना हात बाजूला नेला म्हणे. बाळ होतं इकडे, हात तिकडे."

ग्लेनिस केकचा कागद सोडवत राहिली.

"मी वैरीण नाहीये गं," जनीनचा आवाज चिरकला. "रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. आमच्या गल्लीत छोटंसं घर विकायला आहे. पायऱ्या नाहीत, दारात लिंबाचं झाड आहे. गाडी विका आणि या."

"तुझ्या डॅडला लिंबू आवडत नाही."

"मम!"

"जनीन, मला सगळं दिसतंय. त्याला दिसतं त्याच्यापेक्षा जास्त दिसतंय." ग्लेनिस खुर्चीवर बसली आणि एकोणीस दिवस अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. बुधवार, बादल्या, नॉर्मा, सगळं. "मी लावू शकते गं ती गाडी. छोटी ट्रेलर मागे घेणं तर कॅरॅव्हॅनपेक्षा अवघड, ती जरा हात हलला की फिरते. ती जमते मला. पण इथे, या अंगणात, त्याच्या बापाच्या जागेवर, सगळ्यांच्या देखत मी त्याच्या हातातून चावी कशी घेऊ? मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला."

आणि तेवढ्यात काठी वाजली. मर्ल फळीवरून बशा घ्यायला मागच्या दाराने आली होती आणि आली होती तेव्हापासून सगळं ऐकत होती, हे तिने लपवलं नाही.

"आमच्या बापाचं, पॉपचं, माहीत आहे ना तुला?" ती ग्लेनिसला म्हणाली. "ट्रॅक्टर चालवायच्या शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याने भरलेल्या ट्रेंवरून ट्रॉली नेली. पन्नास ट्रे जर्दाळू, चिखल. आम्ही कुणी काही बोललो नाही. मोठी माया आली होती ना आम्हाला! दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने ट्रॅक्टरची चावी खिळ्यावरून काढून खिशात टाकली. बस. पॉप सकाळी आला, खिळ्याकडे बघितलं आणि शेडमध्ये जाऊन बसला. त्यानंतर पाच वर्षं जगला, पण अंगणात कधी आला नाही."

"मग मी काय करू, मर्ल?"

"ते मला माहीत असतं तर पॉपला बाहेर नसतं का आणलं?" मर्लने बशा जनीनच्या हातात दिल्या. "गाडी विकावी म्हणून मागच्या वर्षापासून मी तुझ्या बाजूने होते, जनीन. आजही घाबरतेच मी, भाऊ आहे माझा. पण खिळ्यावरची चावी मला दुसऱ्यांदा बघायची नाही."

बाहेर खुर्च्यांची रांग लागली होती. केक कापला, गाणं म्हटलं गेलं. मर्लने एका फुंकरीत आठच मेणबत्त्या विझवल्या, कारण ऐंशी लावायला ट्रेवरला जागा सापडली नव्हती. मग जुन्या गोष्टी निघाल्या. एका ईस्टरला निघायच्या घाईत कॅरॅव्हॅनला बांधलेली कपड्यांची दोरी सोडायची राहिली आणि मर्लच्या नवऱ्याचा पायजमा रेनमार्कपर्यंत झेंड्यासारखा फडकत गेला, ती गोष्ट नोएलने सांगितली. ती तो दर वर्षी सांगायचा आणि दर वर्षी गाव एकेक पुढे सरकायचं.

"मागच्या वर्षी बेरीपर्यंत होता पायजमा," मर्ल डोळे पुसत म्हणाली.

ग्लेनिस हसली, पण तिचं लक्ष नोएलच्या हाताकडे होतं. या अंगणात तिने तिशीतला नोएल बघितला होता, उघड्या अंगाने शेडच्या छपरावर चढलेला. जनीनला खांद्यावर बसवून संत्री तोडणारा. तोच हात आता कप ठेवायला टेबलाकडे गेला, अगदी आत्मविश्वासाने, आणि टेबलाच्या कडेपासून चार बोटं अलीकडेच कप सोडून दिला.

कप फरशीवर फुटला.

ट्रेवरने मोजपट्टी खिशात आत ढकलली. जनीन अर्धवट उठली, आईकडे बघून पुन्हा बसली.

नोएलने खाली तुकड्यांकडे बघितलं. "गळकी किटली," तो म्हणाला. मग डोक्यावरची टोपी सारखी केली आणि उठला. "चला. उजेड आहे तोवर लावून टाकू."

"डॅड, राहू दे," जनीन म्हणाली. "ठरलेलं गेलं खड्ड्यात. ट्रेवर लावेल गाडी."

"ट्रेवर!" नोएल म्हणाला. "त्याला स्वतःची सायकल लावता येत नाही."

तो गाडीपाशी गेला. ग्लेनिस सवयीने मागच्या बाजूला, टाकीकडे निघाली. आपण टोपी विसरलो हे तिला तिथे पोचल्यावर कळलं. ती वळली. नोएल गाडीत बसला नव्हता. ड्रायव्हरचं दार उघडं धरून तो तिच्याकडे तोंड करून उभा होता.

"ग्लेन, तिकडे कुठे? चढ की."

"मी?"

"मग काय मर्ल चढणार? ऐंशी वर्षांची आहे ती."

अंगणात हशा उसळला आणि लगेच विरला, कारण नोएल हसत नव्हता. खुर्च्यांकडे वळून, वर्गात पाढे म्हणावे तसं त्याने सांगून टाकलं. "नजरेच्या मधोमध डाग आलाय. जवळ काय, लांब काय, अंदाज येत नाही. डॉक्टरबाईने अजून माझं गाडी चालवणं बंद केलेलं नाही. तिने करायच्या आत मीच करतोय. आजपासून चावी ग्लेनची. एका दमात लावायची असं ठरलंय. कोण लावणार, हे काही नाताळला ठरलं नव्हतं."

जनीनने तोंडावर हात ठेवला. मर्लने काठी घट्ट धरली आणि मान खाली घातली.

ग्लेनिस गाडीकडे आली. ती चढून बसली, सीट पुढे ओढायला तिने खाली हात घातला, आणि तिच्या लक्षात आलं की पाय पोचतायत. सीट तिच्याच मापाची होती. तिने डाव्या आरशाकडे बघितलं, मग उजव्या. दोन्हीत कॅरॅव्हॅनची बाजू, मागचं चाक, टाकीचा नवा पाय, सगळं हवं तिथे. तिच्या उंचीला, तिच्या मानेला. फाटकाबाहेरचा तो रुमाल, स्टिअरिंगला टेकलेले गुडघे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"दर बुधवारी सीट दोन खाचा पुढे. मला वाटलं मी उंच झालो की काय!" तो दार लावत म्हणाला. "आणि दिवा कुणी बदलला असं वाटलं तुला?"

"नॉर्माला जॅम दिला मी त्याचा!"

"आता माझा जॅम बुडाला." त्याने डोक्यावरची टोपी हातात घेतली. "घाई करू नकोस. मी टाकीला पाठ टेकून उभा राहतो. म्हणजे टाकी कुठे आहे ते मला नक्की कळेल."

"नोएल, तिथे नको. माझा हात चुकला तर..."

"माझ्या बापाची जागा आहे ती," नोएल म्हणाला आणि गेला.

तिने गाडी पुढे घेतली, सरळ केली, रिव्हर्स टाकला. आरशात नोएल उभा होता, पाठ टाकीला, पांढरे केस उघडे, हातात टोपी. सेहेचाळीस वर्षं ती जिथे उभी राहिली ती जागा इथून कशी दिसते, हे ती पहिल्यांदाच बघत होती. किती लहान दिसतो माणूस तिथे.

टोपी उजवीकडे गेली. तिने शेपूट उजवीकडे नेली. तुतीची फांदी छपराला खरवडून गेली. टोपी समोर हलली: ये. शेडचा पत्रा डाव्या आरशात हातभर अंतरावर, मग वीतभर. ये. ये. नोएल आता इतका जवळ होता की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिला दिसलं. पाय ब्रेककडे ओढ घेत होता. पण टोपी अजून हातात होती, अजून सांगत होती, ये.

टोपी डोक्यावर गेली. गाडी थांबली.

मग जो गलका झाला तो हॅरल्डच्या कानांनाही ऐकू गेला असता. मर्लने काठी जनीनकडे दिली आणि दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं वर केली.

"नऊ?" ग्लेनिस खिडकीतून ओरडली.

"टोपी वाकडी घातली त्याने. एक गुण कापला!"

ट्रेवरने मोजपट्टी काढून मामा आणि कॅरॅव्हॅन यांच्यामधलं अंतर मोजलं आणि मान हलवली. "दीड हात. अंकल नोएल, आंटीला माझा ट्रकही लावायला सांग." जनीन फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होती आणि रडतही होती. मधेच मान वर करून म्हणाली, "ते लिंबाच्या झाडाचं घर... बाहेर गाडी लावायला जागा आहे तिथे, मम. येता-जाता राहायला."

नोएल कॅरॅव्हॅनच्या कडेकडेने, पत्र्यावर हात ठेवत पुढे आला आणि तिच्या खिडकीशी थांबला.

"एवढं मन लावून बघितलंस टोपीकडे," तो म्हणाला. "मी कधी बघितलं नाही."

"माहीत आहे मला. सेहेचाळीस वर्षं उगाच हात दुखवले."

"टोपीकडे नाही, तुझ्या तोंडाकडे बघायचो. गाडी अगदी जवळ आली की तू डोळे गच्च मिटून घ्यायचीस. मिटलेस की मी थांबायचो." त्याने खिडकीच्या कडेवर हात ठेवला, बरोबर तिच्या हातावर, एक बोटही न चुकता. "मागच्या वर्षी टोपी चांगली दिसत होती गं, ग्लेन. तोंड दिसलं नाही."